होडीचा हिशेब आणि विमानाचं तिकीट

मालवण तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. वय वीस, रत्नागिरीला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. आई घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते, बाबांची लहान होडी आहे. ती लिहिते:

‘मावशी, तीन सीझन मी आईची बुकिंगं सांभाळली, सुट्टीत शिकवण्या घेतल्या. ६५,००० रुपये साठलेत. दोन मैत्रिणींबरोबर एकदा परदेशात जाऊन यायचंय. आमच्या घरातून अजून कोणी गेलेलं नाही, माझा पासपोर्टही नाही. गावातला एजंट बँकॉक-पट्टायाचं पाच दिवसांचं पॅकेज ५४,००० ला देतो म्हणाला. बाबा ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, “तेवढ्या पैशात जुनी स्कूटर येतली.” आई गप्प आहे. एका मैत्रिणीचे पैसे कमी पडतायत, ती म्हणते तू घाल, मी नंतर देते. हे सगळं जमेल का? आणि माझं काही चुकतंय का?’

बाय, तुझं काही चुकत नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे आहेत आणि ते कशावर घालवायचे हे तू विचारून ठरवते आहेस. मात्र तू देशापासून सुरुवात केलीस, तिथे थोडं थांब. आधी आकडा नक्की कर, देश त्याच्यामागून येऊ दे. आणि आकडा कसा मांडायचा हे तुझ्या घरात तुझ्या बाबांइतकं कुणाला कळत नाही.

होडी समुद्रात घालण्याआधी बाबा काय करतात आठव. इंधन किती, बर्फ किती, बरोबरच्या माणसांचा वाटा किती, हे किनाऱ्यावरच ठरतं. मासळी मिळेल की नाही कुणालाच ठाऊक नसतं, तरी परत येण्यापुरतं इंधन बाजूला असतंच. त्याला कुणी हात लावत नाही. तुझ्या ६५,००० चेही असेच तीन वाटे कर. घरातून निघण्याआधीच जे खर्च होतात ते पहिले, तिकडे रोज जे लागतील ते दुसरे, आणि तिसरे परतीच्या इंधनाचे. तिसऱ्या वाट्यात १०,००० रुपये टाक आणि ते तुझ्याकडे नाहीतच असं समजून बाकीचा हिशेब कर. आजारी पडलीस, मोबाइल गेला, विमान हुकलं, एवढ्यासाठीच ते पैसे. शेवटच्या दिवशी बाजारात छान पिशवी दिसली म्हणून ते काढायचे नाहीत.

आता महिना. तू तारीख लिहिलेली नाहीस, पण तुझ्या घराची वर्षाची चाल मला माहीत आहे. दिवाळी, नाताळ आणि मे या दिवसांत आईला तुझा हात लागतो, तेव्हा तू जाऊ नकोस. मेअखेर किल्ल्याच्या होड्या बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. बाबा घरी, खोल्या रिकाम्या, तुझी परीक्षा झालेली आणि कॉलेज अजून उघडायचं. जूनचा पहिला-दुसरा आठवडा तुझा. आग्नेय आशियात पुष्कळ ठिकाणी या दिवसांत परदेशी पाहुण्यांची गर्दी ओसरलेली असते, दर उतरलेले असतात. सीझनला आणि पावसात आई त्याच खोलीचे वेगवेगळे दर का लावते, हे तुला सांगायला नको.

पण जूनमध्ये कुठे जायचं? थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, फुकेत-क्राबीला, तेव्हा आपलाच नैऋत्य मोसमी वारा असतो. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे. मालवणचा पाऊस सोडून तिथला पाऊस बघायला कशाला जायचं? मी तुझ्या जागी असते तर व्हिएतनामला गेले असते, त्यातही मध्य भागात, ह्वे, दानांग आणि होइआनला. तिथे साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट कोरडा काळ असतो. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि तेव्हा होइआनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं, म्हणजे दिवाळीची सुट्टी तिथे वाया गेली असती. जूनमध्ये ऊन मात्र कडक असतं. सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर फिरायचं, मधल्या वेळी सावली धरायची. मे महिन्यात आपण दुसरं काय करतो?

होइआन मी तुझ्यासाठीच सुचवते आहे. नदीच्या मुखावरचं जुनं बंदर आहे ते, १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. भात, नारळ, मासळी, बांबूच्या विणलेल्या गोल होड्या. त्या होडीत बसून तुला जे दिसेल ते पुण्या-मुंबईच्या पोरीला दिसणार नाही. तिथून साधारण ४० किलोमीटरवर मीसन आहे, चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं. समुद्रावरून ये-जा करणाऱ्या लोकांनी आपले देव किती लांब नेले, हे तिथे उभं राहून बघ. आणि ह्वे ते दानांग हा प्रवास रेल्वेनेच कर. हायवान घाटात गाडी डोंगर आणि समुद्र यांच्या मधून जाते, अडीच-तीन तास. कोकण रेल्वेच्या खिडकीत वाढलेल्या मुलीने ते चुकवू नये.

हिशेबाकडे येऊ. पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, मुदत दहा वर्षं, म्हणजे वर्षाला दीडशे रुपये. सहल झाली नाही तरी तो काढून ठेव. तत्काळला वर आणखी २,००० लागतात, ते घाई करणाऱ्याचे पैसे, तुला द्यायचं कारण नाही. मुंबई-हनोई जाऊन-येऊन तिकीट दोन-तीन महिने आधी बघितलंस तर २६,००० धर. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, आपले साधारण २,२५०. प्रवासाचा विमा ८०० च्या आसपास. झाले ३०,५५०. अजून तू कुडाळ स्टेशनही गाठलेलं नाहीस आणि जवळजवळ अर्धे पैसे गेले! पहिल्यांदा जाणाऱ्याला हा धक्का बसतोच, तुला तो वहीवरच बसलेला बरा.

पुढे घर ते मुंबई विमानतळ, जाऊन-येऊन १,६००. तिकडे रोजचे १,८०० प्रमाणे आठ दिवसांचे १४,४००. यात हॉस्टेलच्या सामाईक खोलीतला पलंग, रस्त्याकडेच्या दुकानातलं तीन वेळचं जेवण, जवळपासचं फिरणं आणि तिकिटं बसतात, उधळपट्टी बसत नाही. हनोईहून रात्रीच्या गाडीने ह्वे आणि शेवटी दानांगहून विमानाने परत हनोई, यांना ६,५०० ठेव. सिमकार्डाला ७००. एकूण ५३,७५०. इंधनाचे १०,००० बाजूला ठेवून हातात उरतात १,२५०, आईला काहीतरी आणण्यापुरते. माझे आकडे दरांप्रमाणे वरखाली होतील, तू आजचे दर बघून त्याच जागी नवे लिही. बेरीज जास्त झाली तर दिवस कमी कर. इंधनाच्या पैशांतून ती भागवू नकोस.

एजंटच्या ५४,००० कडेही याच वहीतून बघ. तो फसवतोच असं मी म्हणत नाही. घरात कुणीच प्रवास केलेला नसेल तर बरोबर कुणी असण्याचीही एक किंमत असते. पण त्याच्याकडून लिहून घे: विमानात बॅग किती किलोची, जेवण किती वेळचं, बेटावर नेणाऱ्या बोटीचे पैसे आत की बाहेर, तीन मुलींची एकच खोली की वेगळ्या. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, घेतला जातो, तो पुढे विवरणपत्र भरून परत मिळतो, पण द्यावा आधीच लागतो. एवढं लिहून आलं की ५४,००० किती होतात ते बघ. थायलंडला तेव्हा आपल्याला व्हिसाचे पैसे पडत नसतील, तर ती त्याची जमेची बाजू. हे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आदल्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा वाच. व्हिएतनामचा ई-व्हिसाही सरकारी संकेतस्थळावरूनच काढायचा. हुबेहूब तसंच दिसणारी खाजगी पानं पुष्कळ आहेत, २५ डॉलरचे साठ-सत्तर घेतात.

पासपोर्टबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडची मुलं नेमकी इथे अडकतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं. आधारवर भलताच क्रम, कधी स्पेलिंग वेगळं. पासपोर्टच्या अर्जात आडनाव एका रकान्यात जातं आणि तुझं नाव दुसऱ्यात, बाबांचं नाव लावायचं असेल तर ते तुझ्या नावाला जोडून. अर्जाआधी दाखला, आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळतं का बघ. जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त कर. मग पासपोर्टवर जे छापून येईल तेच विमानाच्या तिकिटावर आणि तेच व्हिसावर. एका अक्षराच्या चुकीने विमानतळावरून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नकोस, म्हणजे ईसीआरचा, काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शेरा बसत नाही. पुढे नोकरीसाठी आखातात जायची वेळ आली तर तो शेरा आडवा येतो.

अर्ज घरच्या पत्त्यावर करणार असशील तर सुट्टीत घरी असतानाच कर. पोलीस चौकशीला येतील तेव्हा तू रत्नागिरीला असलीस तर ‘राहत नाही’ असा शेरा जातो आणि पुढे दोन-दोन महिने खेटे. जूनला जायचं तर दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकून टाक.

आता पैसे न्यायचे कसे. मी एकेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी गेले. घाबरून विमानतळावरच्या काउंटरवर होते तेवढे सगळे रुपये बदलून घेतले. दोन दिवसांनी शहरातला दर कळला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण ते पैसे मी दोन वर्षं बाजूला टाकले होते. तू तसं करू नकोस. १५० ते २०० डॉलर अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून किंवा बँकेतून पावतीसकट घे. पॅन आणि पासपोर्ट लागेल. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या माग, चुरगळलेली नोट तिकडे नाकारतात. ओळखीच्या माणसाकडून बिनपावतीचे डॉलर घेऊ नकोस. बाकीचे पैसे कार्डावर ने. तुझं खातं पतपेढीत किंवा जिल्हा बँकेत असेल तर तिथलं साधं कार्ड परदेशात चालेलच असं नाही. एखाद्या मोठ्या बँकेत खातं उघड, परदेशी व्यवहारावर किती टक्के कापतात ते विचार. पुष्कळ कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी जातो, काहींवर काहीच जात नाही. निघण्याआधी ॲपमध्ये परदेशी वापर सुरू कर. तिकडे एटीएमने किंवा दुकानाच्या मशीनने ‘रुपयांत की डाँगमध्ये’ असं विचारलं तर डाँगच, म्हणजे व्हिएतनामचं चलन, निवड. रुपयांत आकडा ओळखीचा दिसतो, पण तो दर मशीनवाल्याचा असतो.

डाँगच्या शून्यांना घाबरू नकोस. १ लाख डाँग म्हणजे साधारण ३४० रुपये. पण २०,००० ची नोट आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत, संध्याकाळच्या उजेडात सारख्याच वाटतात. ५ लाखांची वेगळ्या कप्प्यात ठेव. तुझं इथलं सिम काढून फेकू नकोस, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार.

मैत्रिणीचं उत्तर मी एका वाक्यात देते: नको घालूस. तुझ्या वहीत १,२५० उरतायत, त्यातून कुणाचं तिकीट निघत नाही, निघेल तर इंधनातूनच. तिला हे वहीसकट दाखव. रागावली तर रागावू दे. मोबाइलवर ‘आता फिरा, नंतर हप्ते भरा’ असं कर्ज मिळतं, ते तुम्ही तिघींनीही घेऊ नका. ती या वर्षी येऊ शकत नसेल तर दोघी जा, नाहीतर सगळ्याच एक वर्ष थांबा. तुमच्या तिघींची मैत्री मला सहलीइतकीच मोलाची वाटते, म्हणून स्पष्ट बोलते आहे. जाल तेव्हा रोज सकाळी प्रत्येकीने सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि रिक्षा, पाणी, जेवण त्यातूनच. पासपोर्ट मात्र जिचा तिच्याकडे.

तिकडे स्कूटर भाड्याने घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. तुम्ही सुट्टीत देवबाग-मालवण चालवता, हात तयार आहे, मान्य. पण आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारातला आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतं. भाड्याने देणारा काही विचारणार नाही. अपघात झाला की विमा कंपनी मात्र पहिला परवानाच विचारेल. होइआनला सायकल घ्या, गाव सपाट आहे.

आता सगळ्यांत जास्त भीती मला ज्याची वाटते ते. हनोई लांब वाटतं, पण तुझं विमान चुकलं तर ते कुडाळ ते मुंबईत चुकेल. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर काही दिवसांतच खेडजवळ दरड आली आणि पुन्हा तेच. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या आधीच हळू धावतात. म्हणून आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नकोस. दोन रात्री आधी तुतारी किंवा कोकणकन्या पकड, एक दिवस मुंबईत नातेवाइकांकडे काढ. परतीलाही असंच, गाडीचं आरक्षण विमान उतरेल त्याच दुपारचं करू नकोस. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईमार्गे उडायचा विचार असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घे. दोन वेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान पावसामुळे उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुझी वाट बघत नाही.

बॅगेबद्दल आईशी आधीच बोलून घे, कारण ती मायेने भरेल. स्वस्त तिकिटात बहुतेक ७ किलोची हातातली बॅगच असते. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलाने ते पेट घेतं म्हणून. सोलकढीच्या आगळाची बाटली हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर चालत नाही. सुके बोंबील आणि हापूस घरीच राहू देत, मासळी आणि फळं बऱ्याच देशांत सीमेवर काढून घेतात. सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाणारं तिकीट असेल तर खसखस लावलेलं काहीही, अगदी दोन अनारसेसुद्धा, बरोबर नको. तिथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. खाजा ने, पाकीटबंद. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत.

आणि बाबा. स्कूटरचं त्यांनी काढलं ते तुला अडवायला नसावं असं मला वाटतं. स्कूटर दारात उभी दिसते, सहल दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे घालताना त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांना फोटो आणि व्हिडिओ दाखवू नकोस. वही दाखव. जेवण झाल्यावर पडवीत बस, तीन वाटे वाचून दाखव, आणि इंधनाच्या १०,००० वर बोट ठेवून विचार, ‘बाबा, एवढे पुरतील?’ आयुष्यभर त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे. कदाचित ते म्हणतील पंधरा ठेव. तसं म्हणाले तर वाद घालू नकोस, एक-दोन दिवस कमी कर, हनोईला परत यायला विमानाऐवजी बस घे आणि पंधराला बसव. तरीही नाही म्हणाले तर या वर्षी पासपोर्ट काढून ठेव आणि पुढच्या मेअखेर पुन्हा वही उघड. पैसे साठलेले आहेत, ते कुठे जात नाहीत.

आई गप्प आहे ती वेगळ्या कारणाने असेल. तुझ्या खोल्यांत राहायला आलेल्या एकट्या मुलींना ती कशी जपते हे तू बघितलं आहेस. रात्री उशीर झाला तर ओट्यावर दिवा ठेवून बसते. तिच्या मनात एवढंच आहे की तिकडे माझ्या पोरीसाठी कोण बसेल. तिला शेजारी बसवून हॉस्टेल निवड. लोकांनी लिहिलेले अभिप्राय मोठ्याने वाच, मुलींच्या वेगळ्या खोल्या कुठे आहेत, मालकीण स्वतः राहते का, हे तिलाच ठरवू दे. कुठल्या अभिप्रायावर विश्वास ठेवायचा हे तिला तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं कळतं. पत्ता आणि फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देवघराजवळ चिकटव. तिकडची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे घरी आठ, तिचं स्वयंपाकघर आवरलेलं असतं. रोज त्याच वेळी फोन कर, आणि आज काय जेवलीस ते आधी सांग.